नीलम मानवतो का

"आणि ही कुणाच्या हातात जाणार?"

भिकनबाबांनी अंगठीकडे अजून नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

हेमांगी विसपुतेला रागच आला. आठ दिवस जिवाचं रान करून घडवलेली अंगठी तिने बाबांच्या तळहातावर ठेवली होती, आणि बाबा विचारत होते, कुणाची!

"माझ्याच, बाबा. माझ्या साखरपुड्याची आहे. सांगितलं होतं की तुम्हाला."

"हं... मग हात दाखव."

"हात कशाला? अंगठी बघा ना!"

बाबा काही अंगठी बघेनात.

भिकनबाबा म्हणजे एकेकाळचे जडावाचे कारागीर. सोन्यात खडा बसवणं हा त्यांचा धंदा. आयुष्यभर सराफ्यातल्या पेढ्यांचं काम केलं, आणि एक दिवस हत्यारांची पेटी उचलून तापीकाठच्या मोडक्या धर्मशाळेत येऊन बसले. फकीर म्हणावं तर पेटी सुटलेली नाही. कारागीर म्हणावं तर कुणाकडून मजुरी घेत नाहीत. लोकांनी मग आपल्या सोयीने त्यांना बाबा करून टाकलं.

हेमांगी ही त्यांची एकुलती एक शिष्या. सोनाराची मुलगी. दुपारनंतर वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, दुकानात काम करायची आणि रोज सकाळी पूल ओलांडून बाबांकडे यायची. सहा वर्षांत तिचा हात असा तयार झाला की जुनेजाणते कारागीरही अडलं की तिला हाक मारत. आपल्याला किती येतं हे हेमांगीला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

"बघा तरी," ती म्हणाली. "सोन्याच्या चार नखांवर खडा कसा उचलून धरलाय! खालून उजेड आरपार जातो. दुकानात दिव्याखाली धरली तर अण्णांचे डोळे दिपले. अख्ख्या खानदेशात असा नीलम कुणाच्या बोटात नसेल."

"नीलमच का?"

हा प्रश्न तिला हवाच होता.

"कारण मी कामाची बाई आहे. मोती झिजतो. पाचूचा टवका उडतो. पोवळं घामाने फिकं पडतं. नीलम हिऱ्याच्या खालोखाल कठीण. राबत्या हातात टिकेल तर तोच टिकेल."

"राबता हात म्हणालीस..."

"हो."

"मग तोच दाखव म्हणतोय मी कधीचा."

हेमांगीने हात पुढे केला. अंगठ्यावर भाजल्याची खूण. तर्जनीला कानस घासून पडलेला घट्टा. नखांत लाख. बोटं पाचही मोकळी.

"आजवर किती अंगठ्या केल्यास?"

"चारशेच्या वर असतील."

"घातल्यास किती?"

हेमांगीने हात मागे घेतला.

एकही नाही. सोनारकाम करणारे अंगठी घालतच नाहीत. कानशीत अडकते, आचेजवळ तापते, सोन्याला ओरखडे पडतात. विसपुत्यांच्या घरात तीन पिढ्या अंगठ्या घडत होत्या, आणि तीन पिढ्यांची बोटं उघडी. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

"त्याचं काय एवढं?" ती शेवटी म्हणाली. "अंगठी कशी असते ते मला माहीत नाही की काय?"

बाबांनी अंगठी तिला परत दिली.

"खरं काम वेगळंच आहे," हेमांगीने विषय बदलला. "मकरंदच्या आईंशी तुम्ही बोलायला हवं."

मकरंद दंडगव्हाळ हा तिचा होणारा नवरा. शाळेत गणित शिकवतो. साधा, सरळ मुलगा. दोघांनी एकमेकांना दोन वर्षांपूर्वीच मनाने निवडलं होतं, घरच्यांना नंतर कळवलं. सगळं जमत आलं होतं, आणि मकरंदची आई कलावतीबाई एका शब्दावर अडून बसली होती. नीलम.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, आमच्या घरात नीलम नको. आमच्या घरात नीलमाने रक्त काढलंय. मकरंदने फार गळ घातली तेव्हा म्हणाल्या, तीन रात्री उशाखाली ठेव. मानवला तर बघू. नाही मानवला तर..."

"तर?"

"तर मला ही सोयरीकच नको, म्हणाल्या."

नीलम शनीचा. तो सगळ्यांना मानवत नाही, म्हणून घेण्याआधी तीन रात्री उशाशी ठेवून पाहतात. वाईट स्वप्न पडलं की खडा परत. इकडे बहुतेक घरांत ही रीत आहे.

"मी उशाखाली ठेवणार नाही," हेमांगी म्हणाली. "माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. दुसरा खडाही घालणार नाही. आज खडा सोडायला लावला, उद्या काम सोडायला लावतील. आणि..." तिचा आवाज जरा हलला. "आणि मकरंदला तर मी सोडणारच नाही. तुम्ही जाणते आहात. तुम्ही एवढं सांगा त्यांना, की नीलम चांगला आहे. तुमचं ऐकतील त्या."

"चांगला आहे की नाही, मला काय माहीत?"

"बाबा!"

"परीक्षा घ्यायला सांगितलंय ना त्यांनी? घे की."

"तुम्हीसुद्धा?"

"रात्री नको घेऊस. रात्री झोपलेल्या माणसाला काय कळतंय... तीन दिवस घे. अंगठी बोटातून काढायची नाही. भाकरी, धुणं, दुकानातलं काम, सगळं तिच्यासकट."

"एवढंच?"

हेमांगी मोठ्याने हसली. बाबा हसले नाहीत.

साखरपुड्याला तेरा दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी तिने कळण्याच्या भाकरी थापल्या. पीठ अंगठीच्या नखांमधून खड्याच्या खाली शिरलं आणि वाळून बसलं. दुपारी पाहते तर निळा रंग मेलेला. जणू डोळ्यावर पडदा आलेला. तिने कोमट पाण्यात रिठा कुस्करला, मऊ ब्रशने खडा खालच्या बाजूने घासला, आणि नीलम पुन्हा लखलखला. 'धुतलं की झालं,' ती मनाशी म्हणाली. दोन तासांनी संध्याकाळच्या भाकरी करायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी धुणं. अण्णांचा लोकरीचा मफलर पिळताना अंगठी त्यात अडकली. तिने हिसका दिला. मफलरचा धागा लांबच लांब निघून आला, आणि एक नख किंचित वर उठलं. तिने मूठ कानाशी नेली आणि दुसऱ्या हाताने अंगठीवर टिचकी मारली. हे बाबांनीच शिकवलेलं. घट्ट बसलेला खडा मुका असतो, सैल झालेला बोलतो.

तिचा खडा बोलला. किर्र...

अंगठी काढल्याशिवाय नख दाबता येत नव्हतं, आणि काढायची तर नव्हती. ती चरफडत बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी तिची बहीण माहेरी आली. कडेवर पाच महिन्यांची मुलगी. हेमांगीने भाचीला उचललं, छातीशी धरलं, आणि लाडाने तिच्या गालावरून हात फिरवला.

पोर किंचाळली.

गालावर तांबडी रेघ उठली होती. रेघेच्या टोकाशी रक्ताचा एक थेंब.

"अगं, ती अंगठी काढ आधी!" बहीण ओरडली.

हेमांगीने अंगठी काढली.

चौथ्या दिवशी सकाळी ती पूल ओलांडून आली ती खाली मान घालून. अंगठी रुमालात बांधलेली.

"नाही मानवला, बाबा."

"कोण?"

"नीलम."

"तुझा तर विश्वास नव्हता!"

"चेष्टा नका करू." तिचे डोळे भरून आले. "एवढुशा पोरीच्या गालातून रक्त आलं. माझ्या हातून आलं. त्या म्हणत होत्या ते खरंच होतं. नीलम रक्त काढतो... आता मी कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्याकडे? आणि मकरंदला काय सांगू?"

बाबांनी पेटी उघडली. चिमटा काढला. उठलेलं नख आणखी उचललं, शेजारचं दुसरं उचललं, आणि नीलम तळहातावर काढून घेतला.

मग त्यांनी तो दगड आपल्या गालावर घासला.

एकदा. दोनदा. चांगला दाबून, वरून खाली, खालून वर. बाबांचा सुरकुतलेला गाल. त्याच्यावर ओरखडासुद्धा उठला नाही.

"बघ."

हेमांगी बघत राहिली.

मग बाबांनी दुसऱ्या हातात ती रिकामी अंगठी घेतली, चारी नखं पुढे करून, आणि हेमांगीच्या गालाकडे नेली.

ती झटकन मागे सरकली.

"का गं?" बाबा म्हणाले. "नीलम तर काढलाय."

...

हेमांगीचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला होता. मग तिने कपाळाला हात लावला.

"मीच," ती म्हणाली. "मीच की हो, बाबा! दगडाच्या नावाने बोंब मारत आले, आणि नखं माझी."

"त्या बाई काय म्हणाल्या होत्या?"

"आमच्या घरात नीलमाने रक्त काढलंय."

"कुणाचं?"

हेमांगीने नुसतं बाबांकडे पाहिलं.

"कुणाचं रक्त, पोरी?"

"विचारलं नाही मी."

"का?"

"मला वाटलं, जुन्या बायकांच्या समजुती. त्यात काय विचारायचं?"

बाबांनी नीलम तिच्या हातावर ठेवला.

"घरात रक्त सांडलं असं एक बाई सांगते, आणि तू तिला दगडाचे गुण ऐकवून येतेस."

हेमांगीला ते लागलं. चांगलंच लागलं. पण ती रडत बसली नाही, उठली आणि तरातरा चालत थेट कलावतीबाईंकडे गेली.

कलावतीबाई घरी एकट्याच होत्या, कुरडया वाळत घालत होत्या. हेमांगीला पाहून त्यांनी पदर सावरला. तोंडावर लगेच नकार आला.

"काय गं, पडलं का स्वप्न?"

"काकू, मला एक सांगा. रक्त कुणाचं आलं होतं?"

कलावतीबाईंचा हात थांबला.

एकोणतीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जो तो म्हणायचा, वाईट झालं बाई, काढून ठेव तो खडा. कुणी शांत सांगितली, कुणी तोडगा सांगितला. पण बस, काय झालं ते सांग, असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्या तिथेच पाटावर बसल्या.

"मकरंदचं," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांचा होता. अंघोळ घालून पुसत होते. ह्यांनी साखरपुड्यात घातलेली अंगठी होती हातात, नीलमाची. फार आवडायची मला ती... पुसता पुसता गालावरून हात गेला आणि टर्रकन चामडी फाटली. नखभर वर असतं तर डोळाच गेला होता माझ्या लेकराचा."

मकरंदच्या डाव्या डोळ्याखाली एक बारीक पांढरी रेघ आहे. हेमांगीला ती ठाऊक होती. चेंडू लागला असेल, असं ती दोन वर्षं समजत होती.

"मी त्याचा चेहरा बघते," कलावतीबाई म्हणाल्या. "दररोज. मला ती रेघ आधी दिसते, पोरगा नंतर. आता तू परत तोच दगड घेऊन या घरात येणार. उद्या तुमचंही लेकरू होईल..."

हेमांगीने त्यांचा हात धरला. आणि मग आपल्या भाचीची हकिकत सांगितली, काहीही न लपवता.

कलावतीबाई ऐकत राहिल्या. "बघ! मी म्हटलं नव्हतं?" असं त्या म्हणाल्या असत्या तर ते रास्तच होतं. पण त्या म्हणाल्या, "पोर बरी आहे ना?"

"बरी आहे. काकू, ती अंगठी अजून आहे तुमच्याकडे?"

"कपाटात आहे. डबीत. उघडली नाही कधी."

"ती घेऊन रविवारी धर्मशाळेत याल? भिकनबाबांकडे?"

"कशाला?"

"तिथेच दाखवते. नाही पटलं, तर मी नीलम सोडला."

हेमांगीला आजवर कुणी 'सोडला' म्हणताना ऐकलं नव्हतं.

चार दिवस ती दुकानात मान वर न करता बसली. आधी खडाच बदलला. तो मोठा, गडद नीलम दुकानाच्या दिव्याखाली राजासारखा दिसायचा. पण आता तिला खडा खाली, बंद कोंदणात बसवायचा होता, आणि खालून उजेड मिळाला नाही की गडद नीलम काळा पडतो. तिने सकाळच्या वेळी, अंगणात सावलीत, खड्यांच्या सगळ्या पुड्या उघडल्या. एकेक खडा चिमट्याने उचलून स्वतःच्या हाताच्या पाठीवर ठेवून पाहिला. घट्टे, डाग, भाजल्याच्या खुणा, त्या सगळ्यांच्या शेजारी.

शेवटी एक निवडला. आधीच्याच्या निम्मा. रंगाने उघडा निळा. भिंगातून पाहिलं तर आत रेशमाच्या धाग्यांसारखं काहीतरी पुसट पसरलेलं.

"अगं, हा केवढासा दिसेल!" अण्णा म्हणाले.

"माझं बोट तरी केवढं आहे, अण्णा?"

यावेळी नखं नव्हतीच. खड्याच्या भोवती सोन्याची सलग कड, बोटाला लागून, बुटकी. ती कड तिने इतकी घोटली की घोटणाऱ्या दगडाला कंटाळा यावा. मलमलीवरून ओढून पाहिली. स्वतःच्या गालावरून फिरवली, ओठांवरून फिरवली. मग बोटात घातली आणि उरलेले दोन दिवस काढली नाही. भाकरी केल्या, मफलर पिळला. भाचीला मांडीवर घेतलं, बहिणीने डोळे वटारले तरी घेतलं. खडा कानाशी धरला. मुका.

रविवारी सकाळी कलावतीबाई आल्या. धर्मशाळेच्या ओट्यावर अंग चोरून बसल्या. डबी पदराच्या टोकात बांधलेली.

हेमांगीने आपली नवी अंगठी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"पदर ओढून बघा हिच्यावरून."

कलावतीबाईंनी पदर ओढला. तो सुळकन निघून गेला. त्यांनी पुन्हा ओढला. मग पदराची जरीची बाजू घेतली, जी कशातही अडकते, ती ओढली. काही नाही.

मग त्यांनी कुणी न सांगता एक गोष्ट केली. अंगठी उचलली आणि आपल्या गालावर घासली. डोळे मिटून, हळूहळू, डाव्या डोळ्याखाली. मग जोरात.

डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा निराळा होता.

"आता तुमची," बाबा म्हणाले.

कलावतीबाईंनी डबी सोडली. बाबांच्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवून दूर झाल्या. बाबांनी झाकण उघडलं. एकोणतीस वर्षांनी तो नीलम उजेडात आला. रंग जसाच्या तसा. चार नखांवर उंच उचललेला.

बाबांनी खांद्यावरचा मलमलीचा पंचा त्याच्यावरून ओढला.

अडकला. कापड चर्रकन फाटलं.

"अगं माय..." कलावतीबाई म्हणाल्या. "म्हणजे... दगड नव्हता?"

"दगड नव्हता, काकू," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आनंद तिच्या पोटात मावत नव्हता. "कधीच नव्हता! ही नखं. माझीही अशीच होती. मुहूर्त नाही, शनी नाही, तुमचा हात नाही. तुमची काही चूक नव्हती, काकू. लेकराला तुम्ही पुसलंत, बस!"

कलावतीबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या रडल्या. वर्षानुवर्षं तुंबलेलं रडणं होतं ते. हेमांगीने त्यांना रडू दिलं.

तेवढ्यात, सवयच ती, तिने डबीतली अंगठी उचलली आणि डोळ्याला भिंग लावलं.

"काम मात्र फार सुरेख आहे हं. नखं काय कोरलीत! असा हात हल्ली बघायला मिळत नाही. कुणाचं असेल..."

तिने अंगठी फिरवून आतल्या बाजूला पाहिलं.

आणि भिंग आणखी जवळ नेलं.

आत, सांध्याच्या शेजारी, तीन बारीक ठिपके होते. एका ओळीत. बाबांच्या पेटीतल्या प्रत्येक हत्याराच्या मुठीवर असतात, तसेच.

तिने सावकाश भिंग खाली ठेवलं.

"कुणाचं गं काम?" कलावतीबाईंनी डोळे पुसत विचारलं.

हेमांगीने बाबांकडे पाहिलं नाही.

"कळत नाही, काकू. खूप जुनं आहे."

सहा वर्षांत ती बाबांसमोर पहिल्यांदाच खोटं बोलली.

"कळलंय तिला," बाबा म्हणाले. "माझं आहे."

...

बाबांनी ती अंगठी तिच्या हातातून घेतली आणि कलावतीबाईंपुढे ठेवली.

"पेढीवरून पुडी यायची," बाबा म्हणाले. "अंगठी तयार होऊन जायची. कुणाच्या बोटात जाते, त्या घरात तान्हं आहे का, मी कधी विचारलं नाही. सराफ म्हणायचे, उंच बसव, काचेत उठून दिसते. मी उंच बसवायचो. सगळा सराफा वाहवा करायचा... बाई, तुमच्या लेकराच्या गालावरची रेघ माझी आहे."

कलावतीबाई म्हाताऱ्याकडे बघत राहिल्या. राग यायला हवा होता. आला असेलही, आतून कुठून तरी. पण त्यांच्या छातीवरचा धोंडा नुकताच उतरला होता, आणि मोकळ्या छातीने रागवायला माणसाला जरा वेळ लागतो.

त्यांनी हेमांगीचा हात ओढून घेतला. घट्ट्यांचा, डागांचा, नखांत लाख अडकलेला हात. नवी अंगठी उचलली आणि तिच्या बोटात घातली. अंगठी बोटावर अशी बसली की जन्मापासून तिथेच असावी.

"साखरपुड्याला मकरंद घालेल ती घालेल," त्या म्हणाल्या. "पण आधी मी घातली. कळलं? आणि ही बोटातून काढायची नाही. कामाला बसलीस तरी नाही."

"कामाला?" हेमांगीने विचारलं. "म्हणजे लग्नानंतरही..."

"मग काय घरी बसून पापड लाटणार आहेस? एवढा हात देवाने दिलाय तो!"

हेमांगी ओट्यावरून उडीच मारणार होती. तिने स्वतःला आवरलं, आणि मग नाही आवरलं. कलावतीबाईंना मिठी मारून तिने त्यांना बसल्या जागी गदागदा हलवलं.

"अगं सोड! पडेन मी!" कलावतीबाई हसत होत्या. हसता हसता त्यांनी ती जुनी अंगठी हेमांगीपुढे सरकवली. "आणि हीसुद्धा अशीच खाली बसवून दे. चार दिवस आहेत ना अजून? तुझ्या साखरपुड्यात मला घालायचीय. माझी आहे ती. फार आवडायची मला."

"देते. परवाच देते!"

"आणि जपायची कशी, ते सांग."

"कोमट पाणी, रिठा, मऊ ब्रश. महिन्यातून एकदा कानाशी धरून टिचकी मारायची, आवाज आला तर माझ्याकडे आणायची. मोत्यांच्या डबीत ठेवायची नाही. नीलमाला काही होत नाही, मोत्यांना ओरखडे पडतात."

"आणि शनिवारी?"

"शनिवारीही बोटातच, काकू."

शनिवार म्हटल्यावर कलावतीबाईंना काहीतरी आठवलं. त्या ताठ बसल्या. कमरेवर हात ठेवून बाबांकडे वळल्या. उशिरा निघालेला राग आता कुठे येऊन पोचला होता.

"अहो बाबा! एकोणतीस वर्षं मी दर शनिवारी वाटीभर तेल वाहत आले त्या शनीला! उन्हातान्हात अनवाणी गेले. तापात फणफणत गेले. आणि त्याचा बिचाऱ्याचा काही दोषच नव्हता?"

भिकनबाबांनी डोक्याचं मुंडासं सोडलं. टक्कल उघडं केलं, आणि कलावतीबाईंपुढे मान वाकवून बसले.

"येत्या शनिवारी इथं ओता, बाई."